अप्रेंटिस म्हणून लागलात? लाल क्रेटपाशी उभे राहा

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, पोर्टलवर नाव नोंदवलं, चाकणच्या एका कंपनीतून फोन आला आणि आठ दिवसांत मी लातूरहून रातराणीने निघालो. पिशवीत मार्कशीट, सहा पासपोर्ट फोटो आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या. कंपनीत गेल्यावर कोणीतरी शिकवणारा भेटेल, अशी समजूत होती. तसा कोणी नेमलेला नसतो. इंडक्शनचे दोन दिवस संपले की तुम्हाला एका लाईनवर नेऊन सोडतात आणि सुपरवायझर म्हणतो, "याला बघा जरा." पुढचं वर्ष त्या 'जरा'मध्ये जातं.

आता माझ्या हाताखाली दरवर्षी दोन-तीन नवी पोरं येतात आणि सगळी तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे लिहून ठेवतोय. माझं सगळं मशीन शॉपमधलं, म्हणजे धातूचे भाग कापून मापात आणतात त्या विभागातलं आहे. असेंब्ली, पेंट शॉप किंवा इलेक्ट्रिकलवाल्यांनी आपापल्या परीने बदलून घ्यावं.

पहिलं काम: कागद बघा

सेफ्टी शूज घेण्याआधी करार बघा. आपण ज्या कायद्याखाली शिकतो तो १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. सुरुवातीला त्यात फक्त ट्रेडवाले होते. १९७३ च्या दुरुस्तीने डिप्लोमा आणि डिग्रीवाले आत आले. आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं, आपलं म्हणजे डिप्लोमा-डिग्रीवाल्यांचं नॅट्सचं (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप ट्रेनिंग योजनेचं) वेगळं. आपल्या भागासाठी त्याचं ऑफिस मुंबईत आहे, सगळे त्याला 'बोट' म्हणतात. बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग.

एचआरला पहिल्याच दिवशी नम्रपणे एकच विचारा: "माझा करार पोर्टलवर नोंदला गेलाय का, नंबर मिळेल का?" करार झाला असेल तर तुम्ही अप्रेंटिस. काँट्रॅक्टरच्या रजिस्टरवर 'ट्रेनी' म्हणून नाव चढलं असेल तर काम तेच असेल, गणवेशही तोच असेल, पण वर्षअखेरीला हातात सरकारी प्रमाणपत्र येणार नाही. माझ्या खोलीवरच्या एकाला हे अकराव्या महिन्यात कळलं.

पैशाचं थोडक्यात. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा किमान विद्यावेतन डिप्लोमाला महिना ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरलं. तुमच्या वर्षाचा आकडा पोर्टलवर बघून घ्या. ही किमान रक्कम आहे, बऱ्याच कंपन्या वर देतात. सरकारी वाटा थेट खात्यात येतो, म्हणून आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे ना, हे गावाहून निघण्याआधीच तपासा. नाहीतर दोन महिने पैसे अडकतात आणि मेसवाला काही पोर्टलचं कारण ऐकून घेत नाही.

अजून दोन गोष्टी माहीत असू द्या. अप्रेंटिसला पीस-रेटवर, म्हणजे नगावर पैसे देता येत नाहीत आणि प्रॉडक्शन बोनसच्या स्कीममध्येही ओढता येत नाही. ओव्हरटाइमलाही परवानगी लागते. हे कायद्यात का आहे ते नंतर कळतं: नग मोजायला लागलात की शिकणं बंद होतं. आणि नोकरीत घेतलंच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. कोणी तोंडी 'परमनंट करू' म्हटलं तर हसून 'हो सर' म्हणा आणि आपली तयारी चालू ठेवा.

राहण्याचं: चाकण-भोसरीत कॉट बेसिसवर खोली मिळते. ज्यांच्या शिफ्ट तुमच्यासारख्याच आहेत अशांच्या खोलीत राहा, नाहीतर तुम्ही थर्ड शिफ्ट करून झोपलेले आणि शेजारचा सकाळी मोबाईलवर रील बघतोय. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते. रविवारी गावाकडचं लग्न आलं तर रजा टाकावी लागेल, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

दुसरं काम: दहा बोटं सांभाळा

यावर सगळे पोस्टर लावतात आणि कोणी वाचत नाही. मी तीन-चारच गोष्टी सांगतो, पण त्या मनावर घ्या.

फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. नवख्याला उलटं वाटतं, हातमोजे म्हणजे सुरक्षा. बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, असलेला नग उचलताना घाला, पत्रा उचलताना घाला. ड्रिल किंवा लेथसमोर काढून ठेवा. मोजा स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्यात, अडकला की हात मागे येत नाही, मोज्यासकट आत जातो. तीच गोष्ट मनगटावरच्या धाग्याची, कड्याची आणि अंगठीची. देवाचा धागा असेल तर खिशात ठेवा, देव रागावणार नाही.

चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, हाताने ओढायच्या नाहीत. आकडी आणि ब्रश त्यासाठीच असतात. चकची, म्हणजे नग पकडणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्ये सोडून वळायचं नाही, दोन सेकंदांसाठीही नाही. एअर गनने अंगावरची धूळ झाडायची नाही. आणि पॉवर प्रेसवर दोन बटणं असतात ती दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणूनच. एका बटणाला टेप लावून एका हाताने चालवणारा 'उस्ताद' तुम्हाला भेटेलच. त्याच्याकडून बाकी सगळं शिका, हे शिकू नका. कोणी अशा मशीनवर उभं राहायला सांगितलं तर सरळ म्हणा, "दादा, मला टेप काढून द्या, मग करतो." थोडी टिंगल होईल. होऊ द्या.

अपघात झालाच तर लपवू नका. कारखान्यातल्या सुरक्षिततेच्या आणि अपघाताच्या भरपाईच्या कायदेशीर तरतुदी अप्रेंटिसलाही लागू आहेत. पण ती नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे.

तिसरं काम: माणसं ओळखा, मग मशीन

इथे 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे, मशीनवर चढवलेला नग. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून 'सर, माझा जॉब' असं काहीतरी निघालं आणि अख्खी लाईन हसली.

इंजिनिअरला साहेब किंवा सर म्हणतात. ऑपरेटर वयाने मोठा असेल तर मामा, काका, अण्णा, जे लाईनवर चालत असेल ते. डिप्लोमावाल्या पोरांची मोठी चूक इथेच होते. दोन महिन्यांनी आपण सुपरवायझर होणार अशा थाटात ती ऑपरेटरला 'ओ, ऐका' करतात. मग तो माणूस वर्षभर एक शब्द सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय सांगायचं."

माझ्या वाट्याला आलेले मामा दहावी नापास. मशीनच्या आवाजावरून इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाची, धार गेली हे ते पाठमोरे उभे राहून सांगायचे. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला फक्त ट्रे पुसायला लावला. मी पुसला. सोळाव्या दिवशी विचारलं, "मामा, या जॉबला आधी फेसिंग का आणि बोअर नंतर का?" फेसिंग म्हणजे जॉबचं तोंड सपाट करणं, बोअर म्हणजे आतलं भोक. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग जॉब उलटा धरून म्हणाले, "हा फेस मारला नाही तर पुढच्या सेटअपला टेकवणार कशावर?" त्या दिवसापासून शिकवणं सुरू झालं. तुम्हीही 'कसं' विचारण्याआधी 'का' विचारा. 'कसं' बघून कळतं.

चौथं काम: मोजायला शिका

कॉलेजात व्हर्निअरचा लीस्ट काऊंट ०.०२ आणि मायक्रोमीटरचा ०.०१ पाठ केलेला असतो. व्हायव्हात तेवढं पुरतं. इथे पुरत नाही.

रोज सकाळी मायक्रोमीटर हातात घेतला की आधी त्याचे दोन्ही फेस पुसा, शून्य तपासा. ७५ ते १०० चा असेल तर पेटीत ७५ चा सेटिंग रॉड असतो, त्याच्यावर लावून बघा. रॅचेट वापरा, मनगटाने आवळू नका, तो सी-क्लॅम्प नाही. कॅलिब्रेशनचा स्टिकर बघा, तारीख उलटली असेल तर त्या गेजला हात लावू नका. गो-नो गो गेज, म्हणजे माप बरोबर की चूक एवढंच सांगणारा गेज, ढकलायचा नसतो, स्वतःच्या वजनाने जाऊ द्यायचा असतो. जुने फिटर 'दोन सूत कमी कर' म्हणतील तर गोंधळू नका. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर.

आता माझी गोष्ट. एप्रिल महिना, फर्स्ट शिफ्ट. ॲल्युमिनियमचं हाऊसिंग चालू होतं. बाहेरच्या व्यासाला ८० एच-सात, छोटा एच. म्हणजे ८०.००० च्या वर जायचं नाही आणि ७९.९७० च्या खाली उतरायचं नाही, एकूण मोकळीक ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सकाळपासून जॉब ७९.९८ च्या आसपास येत होते. दहाच्या चहाला मामा गेले आणि म्हणाले, "लोडिंग चालू ठेव, दर पाचाला एक मोज."

मी मोजला, ८०.०२०. पुढचा मोजला, तोच. माझ्या डोक्यात पुस्तकातलं वाक्य: टूल झिजलं की बाहेरचा व्यास वाढतो. मामांना बोलवायला जायचं सोडून मी ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल कुठे कापेल ते ठरवणाऱ्या मशीनमधल्या आकड्यात, ३५ मायक्रॉन कमी केले. पुढचा जॉब ७९.९८५. एकदम मध्यात! छाती फुगली. अकरा जॉब काढले आणि ट्रेमध्ये ओळीने लावले.

जेवणानंतर क्वालिटीतून फोन. अकराच्या अकरा अंडरसाईज, ७९.९४८.

मी मायक्रोमीटर घेऊन धावत गेलो, त्यांच्यासमोर मोजला. माझ्याच मायक्रोमीटरवर ७९.९४८. मला वाटलं मायक्रोमीटर बिघडला. मामा आले, त्यांनी काही मोजलं नाही. मशीनवरचा ताजा जॉब काढला आणि माझ्या हातात दिला. "हात लाव. कसा लागतोय?"

"गरम."

"मग मोजतोस कशाला?"

झालं होतं असं. कूलंटच्या, म्हणजे टूल आणि जॉब गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, नोझलमध्ये चिप्स अडकल्या होत्या आणि धार टूलवर पडायची सोडून बाजूला पडत होती. जॉब खोलीपेक्षा साधारण २० अंशांनी गरम निघत होता. ॲल्युमिनियम एका मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. ८० मिलिमीटरला २० अंश म्हणजे ३७ मायक्रॉनच्या आसपास. माझी अख्खी मोकळीकच ३० ची. गरम असताना ८०.०२० दिसणारा जॉब गार झाल्यावर ७९.९८३ भरला असता. म्हणजे मशीन बरोबर होतं, टूल बरोबर होतं, मायक्रोमीटर बरोबर होता. मी 'दुरुस्त' केलं आणि अकरा नग घालवले. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरतात हे मी परीक्षेत लिहिलं होतं, एक मार्क मिळाला होता.

यातून तुमच्यासाठी तीन सूचना. ताजा जॉब मोजायचा नाही. सरफेस प्लेटवर ठेवा, गार होऊ द्या, मग मोजा.  रीडिंग अचानक बदललं तर ऑफसेटकडे जाण्याआधी कूलंट, क्लॅम्पिंग आणि चिप्स बघा, कारण टूल हळूहळू झिजतं, दोन जॉबमध्ये ४० मायक्रॉन झिजत नाही. आणि परवानगीशिवाय ऑफसेटला हात लावायचा नाही. हे तिसरं मला आधीच सांगितलेलं होतं.

पाचवं काम: लाल क्रेटपाशी उभे राहा

ते अकरा जॉब अजून क्वालिटीत नोंदायचे होते, तेव्हा शेजारच्या लाईनवरचा एक पोरगा कानात म्हणाला, "ओके ट्रेमध्ये मिसळून टाक ना, कोण बघतंय." मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. मामांनी तेवढ्यात नापास नगांना लावायच्या लाल टॅगचं पुस्तक माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले, "लिही. नाव तुझंच लिही." अकरा टॅग लिहिताना कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे कळेना. 'ऑपरेटर एरर' लिहिलं तर मामांनी खोडायला लावलं. "कूलंट नोझल चोक, जॉब गरम असताना मोजला, ऑफसेट बदलला. असं लिही. एरर म्हणजे काय कळतं कोणाला?"

सुपरवायझरने झापलं, अर्धा तास झापलं. पण आठवड्याने त्या मशीनच्या चेकलिस्टवर 'कूलंट नोझलची दिशा तपासणे' ही ओळ आली. लाईनवरची माझी पहिली इंजिनिअरिंग म्हणाल तर ती.

तेव्हापासून मी जेवणानंतरची पंधरा मिनिटं लाल क्रेटपाशी, म्हणजे नापास नग टाकतात त्या पेटीपाशी, घालवायला लागलो. नवी पोरं मशीनकडे बघत राहतात, तिथे सगळं बरोबर चाललेलं असतं, त्यातून काय कळणार? रिजेक्शनचा नग हातात घ्या. ड्रॉईंग शेजारी धरा. कुठलं माप गेलं, कुठल्या ऑपरेशनला गेलं, त्या मशीनवर त्या दिवशी काय बदललं होतं: नवा लॉट, नवा इन्सर्ट, शिफ्ट बदल, लाईट जाऊन आली? टॅगवर काय लिहिलंय आणि खरं काय दिसतंय? बर, चॅटर (टूल थरथरून उठलेल्या लहरी), क्लॅम्पचा दाब पडून आलेली ओव्हॅलिटी (गोल माप लंबगोल होणं), कास्टिंगमधलं ब्लो होल (ओतताना हवा अडकून पडलेली पोकळी) हे सगळं मी त्या क्रेटमध्ये हाताने ओळखायला शिकलो. ब्लो होल निघालं की मशीन शॉप आणि फाउंड्रीचं भांडण सुरू होतं, तेही ऐकत चला. दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या असतात.

एक सांभाळा: क्रेटमधून नग उचलला तर तिथेच परत ठेवा. चुकून ओके मालात गेला तर ग्राहकाकडून येणारी तक्रार तुमच्या नावाने येईल.

सहावं काम: डायरी

अप्रेंटिसच्या प्रगतीची नोंद ठेवणं हे कंपनीचं काम आहे. तिमाही रिपोर्ट भरावा लागतो आणि बहुतेक जण शेवटच्या दिवशी तीन महिन्यांचं एकदम भरतात. "सीएनसी मशीनचा अभ्यास केला." असली वाक्यं पुढे मुलाखतीत कामाला येत नाहीत.

एक शंभर पानी वही खिशात मावेल अशी घ्या. रोज तीनच ओळी लिहा: आज काय चुकलं, का चुकलं, कोणी सांगितलं. माझ्या वहीतलं एक पान: "व्हीएमसी दोन. टॅप तुटला. कारण: ड्रिल ६.८ ऐवजी ६.५ चं लागलं होतं, एम ८ ला. सेटर काकांनी शॅंक वाचायला सांगितलं, रंगावर जाऊ नको." (व्हीएमसी म्हणजे उभं मिलिंग मशीन, टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं टूल, शॅंक म्हणजे ड्रिलचा दांडा, सेटर म्हणजे मशीन लावून देणारा.) तेलाचा डाग पडलेलं हे पान मी पुढच्या मुलाखतीत दाखवलं होतं. समोरच्या साहेबांनी टॅपबद्दलच दहा मिनिटं विचारलं. प्रोजेक्ट रिपोर्टची फाईल उघडलीसुद्धा नाही.

ड्रॉईंगचे, प्रोग्रॅमचे फोटो मात्र काढू नका. बहुतेक कंपन्यांत मोबाईल गेटवरच जमा होतो, आणि नसेल होत तरीही नाही.

सातवं काम: लोडिंगच्या फेऱ्यातून बाहेर पडा

तीन-चार महिन्यांनी तुमचा हात बसतो. तुम्ही सायकल टाइममध्ये जॉब लावता, काढता. सगळे खूश. इथेच धोका आहे. लाईन तुमच्यावर अवलंबून राहायला लागली की तुम्हाला कोणी हलवत नाही आणि उरलेले आठ महिने तुम्ही तेच बटण दाबता.

भांडू नका, पण लिहून मागा. ट्रेनिंग प्लॅनमध्ये कुठले विभाग आहेत ते एचआरकडून घ्या आणि साधा मेल करा: "सर, प्लॅनप्रमाणे पुढचे दोन महिने क्वालिटी आणि मेंटेनन्सला आहेत, कधीपासून जाऊ?" मी दोनदा पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः जाऊन उभा राहिलो. मेंटेनन्सला पाठवलं. तिथे एक ब्रेकडाउन बघणं म्हणजे दोन महिन्यांचं लोडिंग. टूलरूम मिळाली तर सोडू नका. कानस सरळ चालवायला तिथेच कळतं, आणि कानस सरळ चालवता न येणारा इंजिनिअर कारागिरांना लांबूनच ओळखू येतो.

खंडेनवमीला मशीनं धुऊन, पुसून पूजा होते. त्या दिवशी सगळे मोकळे असतात. नारळ-पेढे झाले की एखाद्या जुन्या सेटरला त्याच्या मशीनची कव्हरं काढून आत दाखवायला सांगा. एरवी बंद दाराआड असलेला बॉल स्क्रू मी पहिल्यांदा असा बघितला, हळदीकुंकू लावलेला.

शेवटचे दोन महिने

आयटीआयवाल्यांना अखिल भारतीय परीक्षा असते, तिचा फॉर्म आणि तारीख स्वतः बघत राहा. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना पूर्ण झाल्यावर बोर्डाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी कंपनीने पोर्टलवर सगळे रिपोर्ट भरलेले असावे लागतात. दहाव्या महिन्यातच एचआरकडे बसून कुठला रिपोर्ट राहिलाय ते बघा. शेवटच्या दिवशी एचआरचा तोच माणूस रजेवर असतो, हा अनुभव आहे. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे ना हेही बघा.

दुसरीकडे अर्ज आताच टाकायला लागा. ऑपरेटर आणि सेटर लोकांचे मेहुणे, पुतणे भोसरीपासून रांजणगावपर्यंत पसरलेले असतात. माझी पुढची नोकरी मामांच्या साडूमुळे कळली.

आणि नो-ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं बाकी नाही असा, फॉर्म एक आठवडा आधी घ्या. स्टोअरमध्ये टूल काढताना आपलं पितळी टोकन अडकवायचं असतं आणि टूल परत देताना काढून घ्यायचं असतं. मी शेवटच्या दिवशी गेलो तर स्टोअरवाल्याने बोर्डाकडे बोट दाखवलं. माझं एक टोकन आठ नंबरच्या ॲलन कीच्या खिळ्याला लटकत होतं, सात महिन्यांपासून. सगळा लॉकर उपसला, मशीनखाली टॉर्च मारला, रिकव्हरीचे पैसे भरायची तयारी केली. मामा सही करायला आले, खिशातून तंबाखूची डबी काढताना ॲलन कीही बाहेर आली. त्यांनी ती माझ्याकडे बघत स्टोअरच्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "टोकन घे आधी."